कोऱ्या जागेतलं नाव

१

गुरुवारी सकाळी पावणेनऊला आवाजसंग्रहातला फोन वाजला. पलीकडे मार्ता नुर्दिन होती, वय वर्षं पंच्याऐंशी. तिने नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता सरळ विचारलं, "माझी टेप कुणी उघडली?"

फोन गुनेलने घेतला होता. हेर्नेसांद शहरातल्या या संग्रहात तिची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला एक उरलं होतं, त्यामुळे कुठली टेप हे तिला विचारावं लागलं नाही. क्रमांक चारशे बारा. १९६९च्या उन्हाळ्यात उल्व्हन बेटावर तीस वर्षांची मार्ता टेपरेकॉर्डरपुढे बसून बेटाच्या बोलीत दोन तास घराबद्दल, वडिलांबद्दल बोलली होती. मग तिने कागदावर सही केली होती, की मी जिवंत आहे तोवर हे कुणी ऐकायचं नाही. तो कागद आजही पत्र्याच्या पेटीत होता आणि गुनेलच्या लेखी तसला कागद म्हणजे देवाचा शब्द.

आदल्या संध्याकाळी वृद्धाश्रमात जेवताना मार्ताच्या शेजारणीने टॅबवर संग्रहाची वेबसाइट लावली, बेटावरचे जुने आवाज ऐकू या म्हणाली. तिसराच आवाज मार्ताचा निघाला.

"अकरा माणसं जेवत होती," मार्ता म्हणाली. "सगळ्यांनी काटे खाली ठेवले."

गुनेलने माफी मागितली. बोलता बोलता तिने स्क्रीनवर टेपचं कार्ड उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, अनुमती: खुली. आणि त्याच्याखाली, नोंद: बी. एन.

गुनेलने ती दोन अक्षरं पुन्हा वाचली. कुणी केलं ते शोधून काढते, असं ती कसंबसं म्हणाली.

"शोधायचं काय त्यात?" मार्ता म्हणाली. "माझा भाऊ तुमच्याकडेच बसतो ना? उद्या दहाला येते मी. त्यालाही बसवून ठेव." आणि फोन ठेवला.

२

भाऊ म्हणजे बिर्गर नुर्दिन, वय एक्याऐंशी. आधी मासेमारी केली, मग शाळेत शिपाई होता, आणि सोळा वर्षांपासून मंगळवार-गुरुवार बस पकडून संग्रहात यायचा. पगार नाही, फक्त कॉफी. कानाला हेडफोन लावून जुन्या टेपांतली बेटाची बोली कागदावर उतरवायची, कार्डं भरायची, हे त्याचं काम. ती बोली बोलणारं त्याच्या घरी आता कुणी उरलं नव्हतं. इथे निदान टेपवर तरी होतं.

बहीण-भाऊ एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बंदरावरच्या होडीघरावर बिर्गरने वडिलांच्या नावाची पितळी पाटी लावली, ‘चांगला बाप आणि चांगला खलाशी’ अशी. पाटी लावायच्या दिवशी मार्ता ती वाचून तशीच बोटीने परत गेली. का गेली, हे तिने सांगितलं नाही आणि बिर्गरनेही विचारलं नाही. दोघंही एकाच मातीची.

गुनेलने पहिल्यांदा संग्रहाच्या नव्या प्रोग्रॅमरला, तूवाला सांगून वेबसाइट बंद करायला लावली. कार्डाला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. मग ती संग्रहाच्या प्रमुखाकडे, स्टाफनकडे गेली. स्टाफन भला माणूस, पण भांडणाला इतका घाबरायचा, की ते लवकर मिटावं म्हणून हाताला लागेल त्याच्या गळ्यात ते घालून मोकळा व्हायचा.

साडेनऊच्या कॉफीला त्याने बिर्गरला खोलीत बोलावलं. गुनेलही बसली. स्टाफनने स्क्रीन त्याच्याकडे वळवून दाखवली आणि ही तुझीच आद्याक्षरं ना, असं विचारलं. बिर्गरने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि हो म्हणाला.

"म्हणजे तू उघडलीस."

"मी उघडली नाही," बिर्गर म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर बंदही मी केली नव्हती."

"म्हणजे काय?"

"बंद असं मी लिहिलंच नाही कधी. कार्ड भरत होतो तेव्हा स्क्रीनवर आपोआप ‘बंद’ आलं. आलेलंच आहे तर परत कशाला लिहायचं?"

स्टाफनने गुनेलकडे बघितलं. त्याच्या मते म्हाताऱ्याने स्वतःहूनच कबुली दिली होती. बहिणीचा कागद समोर असून ‘बंद’ लिहिलं नाही, वर एकोणीस वर्षांचा अबोला. त्याने आवाज शक्य तितका मऊ करून सांगितलं, की उद्या दहाच्या बैठकीपर्यंत संग्रहाची किल्ली इथे ठेव, पुढचं मग बघू. पुढचं काय, ते तिघांनाही कळलं होतं.

बिर्गरने किल्ली काढली आणि न खाल्लेल्या दालचिनीच्या पावाशेजारी ठेवली. दारात तो गुनेलपाशी थांबला. तेरा वर्षांपूर्वी बर्फावर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं होतं आणि सहा आठवडे ती डाव्या हाताने कार्डं टाइप करत होती. सक्तीचं असेल तेवढंच भरायची, बाकी सगळं कोरं सोडायची. तेव्हापासून तो तिला ‘एक हातवाली’ म्हणायचा.

"एक हातवाले," तो आजही म्हणाला, "मार्ताला एवढं सांग, मी ऐकलेली नाही. उघडली असं तिला वाटू दे हवं तर. ऐकली असं वाटायला नको."

खोटं बोलणारा माणूस आपल्या सुटकेची बाजू आधी मांडतो, असा गुनेलचा अनुभव होता. याने तर ती सोडूनच दिली होती. तिने ठरवलं, की उद्या दहाच्या आत खरं काय ते शोधायचंच, मग ते कुणाच्याही अंगावर येवो.

३

कार्डं बदलू शकणारी माणसं संग्रहात चारच. बिर्गर, स्टाफन, तूवा आणि ती स्वतः.

दुपारी वाटाण्याचं सूप घेऊन ती आधी स्टाफनसमोर बसली. वार्षिक अहवालात खुल्या टेपांचा आकडा वाढावा म्हणून तो वसंतापासून सगळ्यांच्या मागे लागला होता, याची तिने त्याला आठवण करून दिली. तो सुपात मोहरी ढवळत राहिला. मग म्हणाला, आकडा हवा होता हे खरं, पण कार्ड कसं बदलतात हे मला आजतागायत जमलेलं नाही. हे खोटं असणं शक्यच नव्हतं. प्रिंटरमध्ये कागद घालायलासुद्धा तो तूवाला हाक मारायचा.

तूवा अठ्ठावीस वर्षांची, एप्रिलमध्ये लागलेली. गुनेलचा नवरा सिक्स्टन इथला प्रोग्रॅमर होता. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि त्याची खुर्ची इतके दिवस रिकामीच होती. गुनेलने तूवाला विचारलं, की या आठवड्यात तू कशाकशाला हात लावलास.

तूवा जरा लाल झाली. तिने पॅनकेकची बशी बाजूला सारली आणि सांगू लागली. प्रत्येक टेपचं एक एक्सएमएल कार्ड असतं. कार्डावर छोट्या चिठ्ठ्या असतात, त्यांना अॅट्रिब्युट म्हणायचं: गाव, साल, अनुमती, नोंद. कुठली चिठ्ठी सक्तीची, कुठली चालेल, तिच्यात काय लिहिता येईल, हे सगळं स्कीमा नावाच्या एका फाइलीत ठरलेलं असतं.

"आणि स्कीमा कुणी हाताने लिहीत नाही," ती म्हणाली. "सिक्स्टनने प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. जे हवं ते प्रोग्रॅममध्ये घालायचं, तो चालवायचा, की आख्खा स्कीमा नवा तयार होऊन बाहेर पडतो."

"मग तू काय घातलंस?"

"बेट नावाची एक नवी चिठ्ठी. चार ओळी. सोमवारी चालवला प्रोग्रॅम. अनुमतीला मी बोटसुद्धा लावलेलं नाही. बघ ना तूच."

तिने प्रोग्रॅम उघडून दाखवला. चार ओळी खरोखरच नव्या होत्या आणि बाकी सगळं सिक्स्टनचं, त्याच्या नीटनेटक्या पद्धतीने लिहिलेलं. गुनेलला ते सगळंच काही कळत नव्हतं, पण ओळींमधल्या मोकळ्या जागासुद्धा त्याच्या वाटल्या.

"चारशे बाराच्या कार्डाची फाइल शेवटची कधी बदलली, ते कळेल?" तिने विचारलं.

तूवाने फाइलींची यादी काढली. बोट स्क्रीनवर टेकवून तिने तारीख वाचली, मग परत वाचली.

"चार मार्च २०११," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तेरा वर्षांत या कार्डाला कुणी हातच लावलेला नाही."

४

कुणी हात लावला नाही, तरी कार्ड उघडलं, आणि वर बिर्गरची आद्याक्षरं. गुनेल खिडकीशी उभी राहिली. खाली बंदरात आंबवलेल्या हेरिंग माशांच्या डब्यांचे खोके उतरत होते, ऑगस्टअखेर होती. मार्च २०११ म्हणताच तिचं उजवं मनगट नकळत डाव्या हातात गेलं होतं.

"तूवा, घड्याळजी लिंदमार्कचं कार्ड काढ. पाचशे तीन."

कार्ड आलं. अनुमती: खुली. नोंद: बी. एन.

"हे कार्ड बिर्गरने भरलेलं नाही," गुनेल म्हणाली. "मी भरलंय, डाव्या हाताने. अर्धा दिवस लागला होता मला. आणि नोंद-बिंद काही लिहिलं नव्हतं, तेवढं बळच नव्हतं."

तूवाने तिच्याकडे बघितलं, आणि मग स्क्रीनवरचं नटवलेलं कार्ड बंद करून मागची मूळ फाइल उघडली. त्यात गाव होतं, साल होतं. अनुमती नव्हती आणि नोंदही नव्हती. तिने चारशे बाराची फाइल उघडली. तिथेही दोन्ही जागा कोऱ्या.

"मी गाढव आहे," तूवा म्हणाली. "चिठ्ठी कोरी असेल तर काय धरून चालायचं, हेसुद्धा स्कीमा सांगतो. तेच स्क्रीनवर दिसतं, जणू कुणीतरी लिहिलंय. इथे बघ. नोंद कोरी असेल तर बी. एन. धरा, असं सिक्स्टनने घातलंय."

गुनेलला हसू आलं आणि डोळेही भरले. त्या काळात बहुतेक कार्डं बिर्गर भरायचा, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत. म्हाताऱ्याला प्रत्येक वेळी सही करायला लागू नये म्हणून सिक्स्टनने ती आधीच घालून ठेवली होती. त्याच मायेने आज बिर्गरला गोत्यात आणलं होतं.

"आणि अनुमती कोरी असेल तर?"

"खुली धरा," तूवाने वाचलं. "प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून तसंच आहे."

"पहिल्यापासून असेल, तर तेरा वर्षं ही टेप बंद कशी राहिली? बिर्गर म्हणाला, स्क्रीनवर आपोआप ‘बंद’ यायचं. त्याचं म्हणणं आपण कबुलीजबाब म्हणून ऐकलं. तो साक्ष देत होता." गुनेल खुर्ची ओढून बसली. "सोमवारच्या आधीचा जुना स्कीमा आहे का?"

तूवाने त्याची प्रत ठेवली होती. पण नव्याशी ताडून बघितली नव्हती. प्रोग्रॅम जे देईल ते बरोबरच, असं धरून चालायची प्रोग्रॅमर लोकांना सवयच असते. आता तिने दोन्ही फाइली शेजारी-शेजारी लावल्या. दोन ठिकाणी फरक निघाला. एक तिची नवी चिठ्ठी. आणि दुसरा अनुमतीपाशी. नव्यात खुली, जुन्यात बंद.

"हे कुणीतरी हाताने बदललंय," तूवा म्हणाली. "प्रोग्रॅममध्ये नाही, बाहेर पडलेल्या फाइलीत. इतकी वर्षं प्रोग्रॅम कुणी चालवलाच नाही म्हणून ते टिकलं. मी सोमवारी चालवला आणि ते पुसून गेलं. असं कधी करायचं नसतं, गुनेल. पहिल्या वर्षाची मुलंसुद्धा..." ती मध्येच थांबली. "वर एक टीप आहे."

ती गुनेलने स्वतः वाचली.

‘गुनेल म्हणते, विचारल्याशिवाय कुणाचा आवाज बाहेर जाऊ देऊ नये. बरोबर आहे तिचं. आत्ता इथेच बदलतो, ती खाली थांबलीय. उद्या प्रोग्रॅममध्ये घालतो. सि. १७ फेब्रुवारी २०११.’

गुनेलला ती संध्याकाळ आठवली. खाली दारात टोपी-मफलर घालून ती उभी होती आणि वर बघून हाका मारत होती, की चल आता, पुरे झालं. आणि दुसऱ्या दिवशीची, अठरा तारखेची सकाळही आठवली, कारण अठरा तारखेलाच ती बंदरावरच्या बर्फात घसरली होती.

तूवाने कपाळ चोळलं. मग दबकत म्हणाली, "उद्या आपण तांत्रिक बिघाड म्हणू या का? खोटं नाही ते. त्याचं नाव कशाला मध्ये आणायचं? तो सांगायला थोडाच येणार आहे?"

गुनेलच्याही मनात ते येऊन गेलं होतं. सिक्स्टनला या इमारतीत सगळे अजून मानायचे. कॉफीच्या खोलीत त्याचा फोटो होता. पण तांत्रिक बिघाड म्हटल्यावर मार्ताचा विश्वास बसेल का? भावाला पाठीशी घालायला संग्रहाने काढलेली पळवाट, असंच ती म्हणेल.

"ती टीप छापून दे मला," गुनेल म्हणाली. "मोठ्या अक्षरात. मार्ताला नीट दिसत नाही."

५

शुक्रवारी मार्ता दहाला पाच कमी असताना आली. काठी टेकत, कोट न काढता खुर्चीवर बसली. बिर्गर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीचा शर्ट घालून. दोघांचं नाक एकच होतं. दोघंही टेबलाकडेच बघत होते.

स्टाफन काहीतरी प्रास्ताविक करू लागला, पण गुनेलने त्याला थांबवलं. तिने कोरी कार्डं समोर ठेवली, कोऱ्या जागेत बिर्गरचं नाव कसं आलं ते सांगितलं, आणि तारीख दाखवली. शेवटी टीप मार्ताच्या हातात दिली. मार्ताने पर्समधून भिंग काढलं आणि ओळीवरून सावकाश फिरवलं.

"हा सि. कोण?"

"माझा नवरा. चूक त्याची आहे. आता तो नाही, म्हणून माफी मी मागते."

"उद्या घालतो म्हणतोय. घातलं का नाही?"

"त्याच ‘उद्या’ मी घसरले. मनगट मोडलं," गुनेल म्हणाली. "सहा आठवडे तो माझे बूट बांधत होता. केस विंचरत होता. हे राहून गेलं."

मार्ताने भिंग मिटलं. कागदाची घडी घालून तिने तो परत दिला नाही, हातातच धरून ठेवला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती भावाशी बोलली, बेटाच्या बोलीत, जी बाकीच्यांत फक्त गुनेललाच थोडीफार कळत होती.

"तू ऐकलीस?"

"नाही."

"तेरा वर्षं तुझ्या टेबलाशी होती. दोन तासांची टेप. आणि तू ऐकली नाहीस?"

"तू नको म्हणाली होतीस," बिर्गर म्हणाला.

मार्ता काही वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली. "बाबांबद्दल आहे ते," ती म्हणाली. "ते पिऊन यायचे त्याबद्दल. तुला मी होडीघराच्या माळ्यावर का झोपवायची, ते आहे त्यात."

"मला वाटायचं, तिथे ऊब असते म्हणून."

"तुला तसंच वाटायला हवं होतं."

बिर्गरने दोन्ही हात टेबलावर ठेवले. पितळी पाटीचं नाव कुणी काढलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून तिची सावली गेली, हे गुनेलला दिसलं. तो म्हणाला, "मार्ता, मला ठाऊक नव्हतं."

"नव्हतंच. मी नीट लपवलं होतं." तिने डोळे पुसले, जरा रागानेच. "आता अकरा परक्यांनी ऐकलंय. तू तेवढा राहिलास. ऐकायचीय?"

"तू शेजारी बसणार असशील तर."

स्टाफनने काल घेतलेली किल्ली खिशातून काढून बिर्गरच्या कपाशेजारी ठेवली. मी घाई केली, चुकलो, असं तो म्हणाला, आणि त्या माणसाच्या मानाने ते पुष्कळ होतं. दोघं म्हातारी ऐकायच्या खोलीकडे निघाली. तिचा कोट अजून अंगावरच होता. बिर्गरने तो काढायला हात पुढे केला आणि तिने काढू दिला.

गुनेल तूवाच्या टेबलाशी आली. कोऱ्या अनुमतीची एकंदर त्रेचाळीस कार्डं निघाली होती. त्या सगळ्यांचे कागद काढून एकेकाला फोन करायचे होते, पण आधी एक काम होतं. तूवाने प्रोग्रॅम उघडूनच ठेवला होता. अनुमतीच्या ओळीत तिने ‘खुली’ खोडून ‘बंद’ लिहिलं, आणि ‘बी. एन.’च्या जागी ‘माहीत नाही’. मग प्रोग्रॅम चालवला आणि या वेळी दोन्ही फाइली ओळ-ओळ ताडून बघितल्या.

"त्याची टीप आत घेतलीय मी, प्रोग्रॅममध्ये," ती म्हणाली. "आता कितीही वेळा चालवला तरी जाणार नाही. फक्त ते ‘उद्या घालतो’ काढून टाकू का? आता त्याला अर्थ नाही."

ऐकायच्या खोलीच्या दारातून तीस वर्षांच्या मार्ताचा आवाज अगदी पुसट येत होता. गुनेलने उठून ते दार नीट लावलं आणि परत येऊन बसली.

"राहू दे ते," ती म्हणाली. "त्याच्या खाली एक ओळ लिही. घातलं. गु."